महू : चार अक्षरांची खोटी फोड (धागा)

१/ दरवर्षी एप्रिल उजाडला की एक वाक्य समाजमाध्यमांवर फिरू लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म महू येथे झाला आणि ‘महू’ म्हणजे ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर’. स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांत ते छापलेले आढळते, प्रश्नमंजूषांत विचारले जाते, जयंतीच्या देखण्या चित्रांवर झळकते. वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध सपशेल खोटा आहे. शिवाय हे असत्य निरुपद्रवीही नाही, कारण त्याच्याखाली बराच इतिहास गाडला गेला आहे, आणि त्यातला मोठा भाग मराठी माणसांचा आहे.

२/ आधी खोटेपणाचा निकाल लावू. महूची छावणी वसली १८१८मध्ये. शब्दांची आद्याक्षरे जोडून उच्चारता येईल असे नाव घडवण्याची सवय प्रामुख्याने विसाव्या शतकातली. पहिल्या महायुद्धातील ‘अँझॅक’ हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. या प्रकाराला इंग्रजीत ‘ॲक्रोनिम’ हे नावसुद्धा १९४०च्या दशकात रूढ झाले. जी खोड पुढच्या शतकात लागायची होती ती १८१८च्या कंपनी सरकारच्या माथी मारणे म्हणजे पेशव्यांच्या हाती दूरध्वनी देण्यासारखे आहे.

३/ शिवाय तो शब्दसमूह जरा नीट वाचावा. ‘युद्धाचे लष्करी मुख्यालय’! लष्करी मुख्यालय युद्धाचे नसेल तर कशाचे असेल? हे कोणा इंग्रज अधिकाऱ्याचे इंग्रजी नव्हे. चार अक्षरे समोर ठेवून प्रत्येकामागे एकेक शब्द उभा करणाऱ्याचे आहे. कंपनीच्या काळात बंगाल, मद्रास आणि मुंबई अशी तीन स्वतंत्र लष्करे होती आणि तिन्हींचे सरसेनापती वेगवेगळे. त्या व्यवस्थेत माळव्यातील एका छावणीला ‘युद्धाचे मुख्यालय’ हे पद मिळण्याजोगी जागाच नव्हती.

४/ आणि सर्वांत साधा पुरावा जमिनीवरच आहे. छावणीच्या शेजारी महूगाव नावाची वस्ती आजही आहे, तिची स्वतंत्र नगर परिषद आहे. छावणीने गावाचे नाव घेतले, जसे खडकीच्या छावणीने खडकीचे आणि देवळालीच्या छावणीने देवळालीचे घेतले. मोहाच्या झाडांवरून, ज्यांना हिंदीत महुआ म्हणतात, हे नाव आले असावे असे पुष्कळ जण मानतात. ती व्युत्पत्ती संभाव्य आहे, सिद्ध नाही. मात्र नाव गावाचे आहे याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

५/ मग इंग्रजीत एम-एच-ओ-डब्ल्यू हे विचित्र स्पेलिंग कुठून आले? जिथून ‘पूना’, ‘किर्की’, ‘टॅना’ आणि ‘कॉनपोर’ आले तिथूनच. एतद्देशीय उच्चार ज्याला जसा ऐकू आला तसा त्याने लिहिला आणि कचेरीत तो कायम झाला. लखनौचे इंग्रजी रूपही ओ-डब्ल्यूनेच संपते. त्याची अजून कोणी फोड केलेली नाही, एवढीच कृपा. महूची चार अक्षरे फलकांवर मोठ्या लिपीत लिहिली गेली आणि मोठी अक्षरे दिसली की त्यांच्यामागे काहीतरी दडले असणार असे आधुनिक डोळ्याला वाटू लागले. या दंतकथेचे बीज इतके क्षुल्लक आहे. देवनागरीत ‘महू’ लिहिणाऱ्या माणसाला असला प्रश्न कधी पडलाच नसता.

६/ छावण्यांच्या नावांत खरीखुरी नवलकथा हवी असेल तर ती देवळालीची आहे. तिथल्या तळावर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सोजीर महिनोन्‌महिने पडून राहात. कंटाळा, उकाडा, दारू आणि ताप यांनी काहींची डोकी फिरत. ‘देवळाली टॅप’ हा सैनिकी वाक्प्रयोग त्यातून जन्मला. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. पुढे इंग्रजी बोलीत वेडसर माणसाला ‘डूलॅली’ म्हणू लागले. नाशिकजवळचे एक गाव इंग्रजी शब्दकोशात असे जाऊन बसले, आणि त्याला पुरावा आहे. पण प्रश्नमंजूषावाल्यांना ही गोष्ट क्वचितच ठाऊक असते.

७/ आता मूळ मुद्दा. ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स’वाली कथा सांगते की महू हे इंग्रजांनी शून्यातून निर्माण केलेले ठिकाण, नावसुद्धा त्यांचेच. म्हणजे छावणी कोणाच्या मुलखात उभी राहिली, का उभी राहिली, कोणाला हरवून उभी राहिली, हे प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. फोड सांगितली की विषय संपला. विद्यार्थ्याला चार शब्द पाठ होतात आणि महिदपूर हे नाव त्याच्या कानावर कधी पडत नाही.

८/ महिदपूर, २१ डिसेंबर १८१७. क्षिप्रेच्या काठी सर थॉमस हिस्लॉप आणि जॉन माल्कम यांच्या फौजेने होळकरांच्या सैन्याचा पराभव केला. यशवंतराव होळकर १८११मध्ये वारले होते. गादीवर त्यांचा अल्पवयीन मुलगा मल्हारराव होता. कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा लढाईच्या तोंडावर आपल्याच सैन्यातील लोकांकडून वध झाला होता. होळकरांच्या तोफखान्याने शर्थ केली, इंग्रजांची माणसेही पुष्कळ पडली, पण दिवस कंपनीचा ठरला. दुसऱ्या बाजूला पुण्याजवळ १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावची लढाई झाली. तिच्यानंतर पाचच दिवसांनी, ६ जानेवारीला, होळकर दरबाराने मंदसोरच्या तहावर सही केली.

९/ महूचा जन्मदाखला हवा असेल तर तो या तहात शोधावा. होळकरांनी राजपूत संस्थानांवरील हक्क सोडले, सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गमावला, अमीरखान आणि गफूरखान यांची स्वतंत्र दौलत मान्य केली आणि आपल्या राज्यात कंपनीची फौज राहू देण्याचे कबूल केले. दरबार इंदूरला स्थिरावला आणि तिथून काही कोसांवर, विंध्याचा घाट नर्मदेकडे उतरू लागतो त्याच्या माथ्यावर, कंपनीची छावणी पडली. जागा नेमकी हेरलेली होती. पठाराची हवा बरी, मुंबईकडून येणारी वाट जवळ, आणि दरबारावर नजर ठेवण्याइतके अंतर. पराभूत राजधानीच्या उशाशी विजेत्याने ठेवलेली ही चौकी होती. ‘मुख्यालय’ या भारदस्त शब्दाआड ही गोष्ट झाकली जाते.

१०/ ही चौकी किती अस्वस्थ होती ते १८५७ साली दिसले. १ जुलै रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि त्याच रात्री महूतील देशी पलटणी उठल्या. तेविसाव्या बंगाल पलटणीचा कर्नल प्लॅट मारला गेला. कॅप्टन हंगरफोर्डने गोऱ्या तोफखान्याच्या बळावर किल्ला राखला. मराठी वाचकाला हा काळ अपरिचित असण्याचे कारण नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले ते याच वाटेने, आणि त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये महूची छावणी येते. एका भिक्षुकाच्या वृत्तांतात जे गाव आहे ते आजच्या पदवीधराला केवळ आद्याक्षरांचा जुडगा म्हणून ठाऊक असावे, हे लाजिरवाणे आहे.

११/ बंड मोडून काढायला सर ह्यू रोज आला आणि मध्य भारतातील मोहिमेसाठी त्याच्या फौजेची एक ब्रिगेड याच महूहून निघाली. ती वाट शेवटी झाशीला पोचली. राणी लक्ष्मीबाईंवर दरवर्षी भरभरून लिहिणाऱ्या किती पृष्ठांनी महू आणि झाशी यांच्यामध्ये ही रेघ काढली आहे?

१२/ बंडानंतरच्या दशकांत महू मुंबई लष्कराच्या अखत्यारीत होते. हा तपशील कोरडा वाटेल, पण पुढची सारी कथा त्याच्यावर उभी आहे. मुंबई लष्करात कोकणातील आणि देशावरील महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे सकपाळ कुटुंब माळव्यात कसे पोचले, या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. पलटण जिथे जाई तिथे शिपायाचे बिऱ्हाड जाई.

१३/ मालोजी सकपाळ लष्करात होते. त्यांचे पुत्र रामजी लष्करात गेले, पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकून शिक्षक झाले आणि सुभेदार पदापर्यंत चढले. पत्नी भीमाबाई यांचे माहेरही लष्करी पेशाचे. महूच्या छावणीत, काळी पलटण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे चौदावे अपत्य जन्मले. वस्तीचे हे नाव छावणीच्या रचनेविषयी एखाद्या प्रबंधाइतके बोलते. गोऱ्यांच्या बराकी वेगळ्या, काळ्यांच्या ओळी वेगळ्या.

१४/ येथे एक नेहमीचा प्रश्न येतो. महू हे प्रशिक्षण केंद्र केव्हापासून? आजच्या अर्थाने ते १९४०च्या दशकात झाले, त्याकडे पुढे येऊ. पण शिकवणे म्हणजे फक्त नेम धरायला शिकवणे नव्हे असे मानले, तर १८९१च्या महूतही शिकवणे चालू होते आणि शिकवणाऱ्यांत रामजी सकपाळ होते. लष्करी शाळेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना अक्षरओळख होई, मुलींनाही. ज्या समाजाला गावच्या शाळेची पायरी बंद होती त्या समाजातील एक माणूस छावणीत फळ्यापुढे उभा राहून इतरांना शिकवत होता. महूच्या साऱ्या इतिहासात याहून मोलाची वस्तुस्थिती सापडणे कठीण. ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर’ या फोडीत तिला जागा नाही.

१५/ मात्र इथे उलट बाजूचा उतावीळपणाही टाळला पाहिजे. ‘इंग्रजांनी महारांना संधी दिली’ हे अर्धेच वाक्य आहे. दिलेली संधी त्यांनी काढूनही घेतली. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सच्या मते उत्तरेकडील काही जमाती तेवढ्या ‘लढाऊ’ होत्या. मद्रास आणि मुंबईचे शिपाई या सिद्धान्तात बसेनात. १८९०च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी कंपनीसाठी लढाया लढल्या, त्यांना एका सरकारी धोरणाने ‘लढाऊ नव्हे’ ठरवले. भीमराव तेव्हा पाळण्यातून नुकता बाहेर पडला होता.

१६/ भरती बंद होणे म्हणजे केवळ नोकरी जाणे नव्हते. पलटण गेली की पगार गेला, निवृत्तिवेतन गेले, आणि ती शाळाही गेली. रामजी निवृत्त होऊन दापोलीला आणि तिथून साताऱ्याला आले. छावणीबाहेरचे जग काय असते ते सुभेदाराच्या मुलाला तिथे कळले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्याचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. शाळेत त्याला इतरांपासून वेगळे बसावे लागे, आणि बसायला गोणपाट घरून न्यावे लागे. बाप लष्करी शाळेत मास्तर, मुलगा मुलकी शाळेत गोणपाटावर. महू आणि सातारा यांच्यामधले खरे अंतर मैलांत मोजून समजणार नाही.

१७/ या अन्यायाविरुद्ध महार निवृत्त सैनिक गप्प बसले नाहीत. स्वतः पेन्शनर असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४मध्ये लष्करी अधिकाऱ्यांकडे दाद मागणारा अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१०मध्ये थेट लंडनच्या भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला. दोघांच्याही मागणीचा गाभा एकच होता : आमच्या पूर्वजांनी केलेली चाकरी तुमच्याच दप्तरांत नोंदलेली आहे, ती वाचा. इतिहास हा हक्काचा पुरावा म्हणून मांडण्याची ही रीत होती, आणि ती मांडणारी माणसे विद्यापीठांत शिकलेली नव्हती. रामजी सकपाळ १९१३मध्ये वारले. सरकारचे मन वळायला पहिले महायुद्ध यावे लागले. १९१७मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१मध्ये ती मोडण्यात आली. गरज सरो, वैद्य मरो.

१८/ दुसरे महायुद्ध आले तेव्हा पुन्हा तीच गरज. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. या वेळी मागणी करणाऱ्यांत महूच्या काळ्या पलटणीत जन्मलेला तो मुलगा होता, आणि तो व्हाइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण मंडळाचा सभासद होता. रेजिमेंटच्या आरंभीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. ही रेजिमेंट आजही भारतीय सैन्यात आहे.

१९/ आता राहिलेले प्रश्न, झटपट. आज महूत कोणत्या संस्था आहेत? मुख्य तीन. पायदळाचे इन्फंट्री स्कूल १९४८पासून येथे आहे. संदेशवहनाचे शिक्षण देणारी संस्था १९४६मध्ये येथे सुरू झाली. तिचे आजचे नाव मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग. तिसरी संस्था म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांना उच्च पातळीवरील डावपेच शिकवणारे महाविद्यालय. १९७१मध्ये इन्फंट्री स्कूलमधून वेगळे काढताना त्याचे नाव ‘कॉलेज ऑफ कॉम्बॅट’ ठेवले होते. म्हणजे महू हे आजच्या घडीला प्रामुख्याने शिकण्याशिकवण्याचे ठाणे आहे.

२०/ या तिसऱ्या संस्थेचे नाव २००३मध्ये बदलून ‘आर्मी वॉर कॉलेज’ झाले. महूतील या महाविद्यालयाच्या अधिकृत नावात ‘वॉर’ हा शब्द आला तो छावणी वसल्यावर १८५ वर्षांनी! ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर’वाल्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

२१/ ‘एवढ्याशा चुकीने काय बिघडते?’ हा आक्षेप हमखास येतो. बिघडते ते असे. ही फोड सांगणारा माणूस बहुधा खोटे बोलत नसतो. त्याला एक ‘रंजक माहिती’ मिळालेली असते आणि ती वाटून टाकण्याची घाई असते. पण ज्या जागी ही रंजक माहिती येते त्या जागी दुसरे काहीतरी येऊ शकले असते. जयंतीच्या चित्रावर दोनच ओळी मावतात. त्यातली एक ओळ बनावट इंग्रजीला दिली की ‘वडील येथील लष्करी शाळेत शिक्षक होते’ ही ओळ गळते. ती वर्षानुवर्षे गळते आहे. बाबासाहेबांचा जन्म ‘युद्धाच्या मुख्यालयात’ झाला असे सांगितल्याने त्यांची थोरवी वाढत नाही. ज्या घरात त्यांना पुस्तकाची गोडी लागली ते घर मात्र दिसेनासे होते.

२२/ दुसरा आक्षेप जरा गंभीर आहे. ‘स्थानिक लोकच तसे सांगतात, मग लोकस्मृतीला मान द्यायला नको का?’ लोकस्मृतीला अवश्य मान द्यावा. पण इंग्रजी आद्याक्षरांवर बेतलेली आणि देवनागरीत लिहिताच कोसळणारी ही गोष्ट लोकस्मृती कशी असेल? महूची लोकस्मृती ‘काळी पलटण’ या नावात आहे, महूगावाच्या नावात आहे. दर १४ एप्रिलला महाराष्ट्रातून भरून येणाऱ्या गाड्यांत आहे. त्या गाड्यांतून उतरणाऱ्या म्हाताऱ्या बायांना इंग्रजीतील ती फोड ठाऊक नसते, आणि आपण कुठे आलो आहोत हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

२३/ शेवटचा प्रश्न नावाचाच. महू म्हणावे की डॉ. आंबेडकर नगर? मध्य प्रदेश शासनाने गावाला डॉ. आंबेडकर नगर हे नाव दिले ते २००३मध्येच, म्हणजे लष्कराने आपल्या महाविद्यालयाच्या नावात ‘वॉर’ हा शब्द घेतला त्याच वर्षी. रेल्वे स्थानकावर आता तेच नाव आहे. बोलताना लोक अजून महूच म्हणतात. दोन्ही नावे चालतील. पहिले गावाचे आहे, दुसरे गावात जन्मलेल्या माणसाचे.